खरीप बघायला

"खरीप बघायला? खरीप काय बघायचा असतो का रे? पेरायचा असतो."

आप्पांना फोनवर सांगितलं होतं की आम्ही चार दिवस सलालाला चाललोय, खरीफ बघायला. इकडं ओमानमध्ये शेवटी 'फ' आहे, पण आप्पांच्या कानाला तो 'प'च ऐकू आला आणि त्यात त्यांची काही चूक नाही, कारण शब्द एकच आहे. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या सातबाऱ्यावर जो खरीप हंगाम असतो, पीकविम्याच्या फॉर्मवर असतो, तोच हा. अरबीत खरीफ म्हणजे खरं तर शरद ऋतू, पानगळीचे दिवस, आणि रबी म्हणजे वसंत. सुलतानी-मोगली महसूलवाल्यांनी हे दोन शब्द आपल्याकडे आणले ते पीक हाताशी कधी येतं त्या हिशोबाने, शरदात आलं की खरीप आणि वसंतात आलं की रब्बी. आपण मात्र पेरणीपासूनच म्हणायला लागलो, त्यामुळे आपल्याकडं खरीप म्हणजे मृग, आर्द्रा, बियाण्याची पिशवी आणि वर बघणं. आणि गंमत अशी की ओमानच्या दक्षिणेकडच्या धोफार प्रांतात, जिथं हे सलाला आहे, खरीफ म्हटलं की लोकांना पानगळ नाही, पाऊस आठवतो. म्हणजे शब्दकोशाबाहेर जाऊन दोन्ही किनाऱ्यांनी एकच चूक केली.

हे मी आप्पांना सांगायचा प्रयत्न केला, ते म्हणाले, "बरं. पाऊस हाय का तिकडं?" हा प्रश्न ते मला अकरा वर्षं विचारतायत. मस्कतमध्ये राहणाऱ्या माणसाला. जूनमध्ये, जुलैमध्ये, पंचेचाळीस डिग्रीत. मी अकरा वर्षं "नाही आप्पा" म्हणतोय. यावेळी पहिल्यांदा म्हणता येणार होतं की हो, आहे.

ऑगस्टचा शेवटचा आठवडा होता. मुलीची शाळा सुरू झालेली, दोन दिवस बुडवले. दोन गाड्या, एकात आम्ही तिघं, दुसऱ्यात आमचे मल्याळी शेजारी. मस्कत ते सलाला हजार किलोमीटर, आणि त्यातले मधले सहाशे-सातशे म्हणजे काहीही नाही. मी 'काहीही नाही' हे विचार करून लिहितोय. आदम गावाच्या पुढं जे सपाट सुरू होतं ते राजस्थानासारखं टेकड्याटेकड्यांचं वाळवंटही नाही, नुसती बारीक खडीची परात, वर आभाळाचं झाकण. बायको म्हणाली हे म्हणजे आपल्याकडच्या मे महिन्यातलं नांगरलेलं रान, फक्त संपतच नाही. हैमाला पेट्रोल भरलं, करक चहा घेतला. (करक म्हणजे आपला कडक, आखातात येऊन ड चा र झाला. रस्ता विचारला तर इथले लोक 'सीदा, सीदा' म्हणतात, तोही आपलाच. आपण नेहमी मोजतो की अरबी-फारसीने मराठीला किती शब्द दिले, परतफेड कोणी मोजत नाही.)

थुमरैत गेलं, गाडीच्या डॅशबोर्डवर बाहेरचं तापमान ४१. मग रस्ता डोंगराकडे चढायला लागतो, अजून सगळं राखाडी, कोरडं, आणि मग कैरून हैरितीच्या आसपास, मला नीट सांगता येत नाही कसं, पण जणू कुणीतरी दार उघडलं. ३८, ३३, २९, २५. दहा-पंधरा मिनिटांत. समोर धुकं भिंतीसारखं उभं, पोलिसांच्या गाड्यांचे दिवे लुकलुकतायत, सगळ्या गाड्या इंडिकेटर लावून गोगलगायीसारख्या चाललेल्या, आणि काचेवर पाणी. वायपर लावायचा कुठला हेच मला आठवेना, भलताच दांडा ओढला तर हेडलाईट लागले. लेक मागून ओरडली, "बाबा, हिरवं!" आणि खरंच, धुक्याच्या मधून जे दिसत होतं ते हिरवं होतं, पोपटी, लुसलुशीत, आमच्या बांधावरच्या पोळ्याच्या दिवसांतल्या गवतासारखं.

पाऊस कसला, तर झड. मराठवाड्यातल्या माणसाला झड म्हणजे काय ते सांगायला नको. श्रावणात पूर्वी लागायची ती, दिवसभर बुरबुर बुरबुर, ना धड भिजवणारी ना थांबणारी. इथं ती जूनच्या शेवटापासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तीन महिने असते. आमचे मल्याळी शेजारी गाडीतून उतरले, हात पुढं करून तळव्यावर पडणारं पाणी बघितलं आणि गंभीरपणे म्हणाले, "ह्याला पाऊस म्हणतात? आमच्याकडे ह्याला हवा म्हणतात." तीन दिवस ते हाच जोक करत होते.

पण लोक बघा. गाड्यांच्या नंबरप्लेटी दुबईच्या, सौदीच्या, कुवेतच्या, कतारच्या, म्हणजे हजार-दोन हजार किलोमीटर गाडी हाणत आलेले. इत्तीनच्या पठारावर रस्त्याच्या कडेला, चिखलात, चटया टाकून बसलेले. थर्मासमधून कहवा, खजूर, कडेला कुणीतरी मिश्काक भाजतंय, धूर आणि धुकं एकात एक. एक म्हातारे गृहस्थ प्लास्टिकच्या खुर्चीवर एकटेच बसलेले, पांढरी दिशदाशा, डोकं थोडं मागं टाकलेलं, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर बुरबुर पडू देत. नातवंडं बोलवतायत, ते हालत नाहीत. मी बराच वेळ त्यांच्याकडं बघत होतो, म्हणजे बघू नये पण बघत होतो. आमचे शेजारी हसले, पण मला हसू आलं नाही, आणि ते का ते त्यांना सांगता आलं नसतं. केरळातला माणूस पावसाची चेष्टा करू शकतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणलं होतं ना, तेव्हा माझी आत्या लातुरात होती, ती सांगायची की टँकर आला की पोरं नुसती त्याच्याखाली गळणाऱ्या धारेत उभी राहायची, आंघोळीसाठी नाही, तशीच.

हा पाऊस येतो कसा ते एका संध्याकाळी हॉटेलात बसून लेकीला समजावत होतो तेव्हा माझ्या स्वतःच्याच नीट ध्यानात आलं. वारा तोच आहे. आफ्रिकेच्या कडेनं, सोमालियाच्या किनाऱ्यावरून जो नैर्ऋत्येचा वारा जोरात निघतो, तो अरबस्तानाच्या ह्या कोपऱ्याला घासून समुद्र ओलांडतो आणि सह्याद्रीवर आदळतो. जाता जाता तो इथल्या किनाऱ्याचं वरचं गरम पाणी बाजूला ढकलतो, खालचं गार पाणी वर येतं, त्या गार पाण्यावरून जाणारी ओली हवा धुकं होऊन डोंगराला टेकते. वर गरम हवेचं झाकण, त्यामुळे ढग उंच चढत नाहीत, गडगडाट नाही, विजा नाहीत. पाणी मोजायला गेलं तर अगदीच थोडं. सलाला शहरात वर्षाकाठी सव्वाशे मिलिमीटरच्या आसपास, त्यातही एखादं चक्रीवादळ येऊन गेलं तर आकडा फुगतो, जसं २०१८ च्या मे मध्ये मेकुनू आलं होतं. रत्नागिरीला तीन हजाराच्या वर पडतो. पण इथली झाडं धुकं धरून ठेवतात, पानांवर थेंब जमवतात आणि खाली सोडतात, झाडाखाली उभं राहिलं तर उघड्यापेक्षा जास्त भिजायला होतं. त्यातलं एक मुख्य झाड आपल्या धावड्याचा भाऊबंद आहे, तोच धावडा ज्याचा डिंक बाळंतिणीच्या लाडवात पडतो.

आणि डोंगराच्या पलीकडं, फक्त वीस-तीस किलोमीटरवर, काहीच नाही. धुकं माथ्यावर येऊन थांबतं. रेषा आखल्यासारखं. पाचवीच्या भूगोलात गुरुजींनी फळ्यावर डोंगर काढून डाव्या बाजूला तिरक्या रेघा मारल्या होत्या आणि उजव्या बाजूला लिहिलं होतं 'पर्जन्यछायेचा प्रदेश', आणि मग काठीने त्यावर टकटक करून म्हणाले होते, "हे आपण." इथं तो फळा प्रत्यक्ष बघितला. वारा तोच, डोंगर दुसरा, आणि डोंगराच्या मागं राहिलेली जागा, ती ओळखीची.

त्या मागच्या जागेतच लोबानाची झाडं आहेत.

वादी दौका सलालापासून चाळीसेक किलोमीटर, थुमरैतच्या रस्त्याला. युनेस्कोने २००० साली जी चार ठिकाणं यादीत घेतली, आता त्यांना 'लोबानाची भूमी' म्हणतात, त्यातलं एक. मी काय काय डोळ्यांसमोर आणलं होतं देव जाणे, आणि समोर काय, तर खडकाळ ओढ्यात विखुरलेली खुरटी झाडं, बुडापासूनच फांद्या फुटलेल्या, साल कागदासारखी सुटलेली, पानं चुरगळलेली. बायको म्हणाली, आपल्याकडं असतं तर कुणीतरी सरपणाला नेलं असतं. पण ह्या झाडाचा डिंक रोमच्या देवळांत जळत होता, इजिप्तमध्ये जळत होता, येशूच्या जन्माला आलेल्या ज्ञानी माणसांच्या भेटीत सोन्याच्या शेजारी होता. दक्षिण अरबस्तानातली जुनी राज्यं, सबा काय, हद्रमौत काय, ह्याच्याच जकातीवर उभी राहिली.

काढतात कसं, तर मनकफ नावाचं खुरप्यासारखं हत्यार असतं, त्याने सालीचा छोटा तुकडा खरवडायचा. पांढरा चीक येतो. पहिला चीक कामाचा नसतो, तो काढून टाकायचा. दोनेक आठवड्यांनी पुन्हा तिथंच खरवडायचं, मग पुन्हा, आणि तेव्हा कुठं ते पारदर्शक, हिरवट-पांढरे खडे येतात. तोडणीच्या कामाला आता बरेचदा सोमालियातून आलेली माणसं असतात, म्हणजे आमच्याकडून ऊसतोडीला टोळ्या जातात तसं.

सगळ्यात भारी प्रत म्हणजे हौजरी. ती डोंगराच्या मागच्या, कोरड्या भागातली. त्याखाली नजदी, शझरी, आणि सगळ्यात हलकी शाबी, ती समुद्राकडच्या बाजूची. हे मला हाफा बाजारातल्या एका दुकानदारीण बाईंनी सांगितलं, तोंडावर बुरखा, समोर मजमर म्हणजे मातीची रंगवलेली धुपाटणी, आणि प्रत्येक प्रतीचा एकेक खडा निखाऱ्यावर टाकून "शम, शम" म्हणजे वास घे, वास घे. मी विचारलं समोरच्या बाजूला एवढा खरीफ असतो, हिरवं असतं, मग तिकडचा हलका का? बाई हसल्या. म्हणाल्या, जास्त ओल सोसत नाही त्याला. वारा लागायला पाहिजे, पाऊस नको.

मी अर्धा किलो हौजरी घेतला. भाव करताना शेवटी पाचशे बैशांवर अडलं. बैसा म्हणजे आपला पैसाच, ओमानी रियालात हजार बैसे असतात, आणि नावावर जाऊ नका, पाचशे बैशांत आपले शंभराच्या वर रुपये निघतात. पण नाव का, तर १९७० पर्यंत ओमानमध्ये रुपया चालायचा. तेव्हाच्या सुलतानांचे वडील, तैमूर बिन फैसल, गादी सोडून मुंबईत राहिले आणि १९६५ साली मुंबईतच वारले. १९७० पर्यंत ह्या सगळ्या देशात डांबरी रस्ता होता दहा किलोमीटर, आणि आम्ही हजार किलोमीटर एसी लावून आलो. लोकांना वाटतं आखात म्हणजे तेल आणि काचेच्या इमारती. सलालाच्या डोंगरात १९७५ पर्यंत लढाई चालू होती, ती पिढी अजून आहे, त्या खुर्चीवरच्या गृहस्थांच्या वयाची.

लोबानाचा वास आला आणि मला एकदम आमची आजी आठवली. असं म्हणायची पद्धत आहे म्हणून नव्हे, खरंच. माझ्या धाकट्या बहिणीला आंघोळ घातली की घमेल्यात निखारे, त्यावर ओवा, शेपा आणि ऊद, आणि मग पोरगी त्या धुरावर धरायची, पोरगी खोकतीय, आजी म्हणतीय झालं झालं. ऊद हा शब्द पण अरबीच, त्याचा मूळ अर्थ नुसतं लाकूड. आणि लोबान म्हणजे अल-लुबान, पांढरं, दुधासारखं. पण आपल्या बाजारात लोबान म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा हे नसतंच, ते सुमात्रा-जावाकडच्या दुसऱ्याच झाडाचं असतं, अरब व्यापारी त्याला 'लुबान जावी' म्हणायचे, आणि त्याच नावाची मोडतोड होऊन युरोपात बेंझॉइन झालं. लोबानाचं सख्खं भावंड तर आपल्याकडं मेळघाटात, सातपुड्यात उभं आहे, सालई. त्याचाही डिंक जळतो, वासही जवळचा, फक्त त्याच्यामागे उंटांचे काफिले लागले नाहीत. इथले लोकही तेच करतात जे आजी करायची, बाळाला धुरी, कपड्यांना धुरी, पाण्याच्या माठाला धुरी. आणि रात्री पाण्यात एक खडा टाकून सकाळी ते पाणी पितात. मी पिऊन बघितलं. टर्पेंटाइन प्यायल्यासारखं लागतं, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या दिवशी खोर रोरीला गेलो. ताका गावाच्या पुढं, एका खाडीच्या काठावर दगडी भिंतींचे अवशेष, जुनं नाव सुमहुरम. हद्रमौतच्या राजांनी वसवलेलं लोबानाचं बंदर, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या आसपासचं. दाराच्या दगडावर दक्षिण अरबी लिपी कोरलेली, काड्या-काड्यांची, चौकोनी, सुंदर. खाडीच्या तोंडाशी पुढं वाळूचा बांध साचत गेला आणि बंदर मेलं. आता तिथं उंट चरतात आणि खाडीत पक्षी.

मला ह्या जागेचं जे सगळ्यात आवडलं ते एका ग्रीक व्यापाऱ्याने पहिल्या शतकात लिहून ठेवलंय, त्याच टिपणांत जिथं आपल्या कल्याणचं, सोपाऱ्याचं आणि चौलचं नाव येतं. तो म्हणतो की भडोचकडून आणि मलबारकडून येणाऱ्या जहाजांना परतीच्या वेळी उशीर झाला की ती इथं थांबतात, वारा बदलेपर्यंत, आणि मग राजाच्या माणसांना कापड, गहू आणि तिळाचं तेल देऊन बदल्यात लोबान घेतात. इतिहासाच्या पुस्तकांत हे 'व्यापारी संबंध' म्हणून एका ओळीत येतं. मला मात्र ती उशीर झालेली माणसं दिसतात. वारा निघून गेलाय, आता काही महिने इथंच. तिळाच्या तेलाचे बुधले, ओळखीचं कुणी नाही, आणि खायला वाळके मासे. मौसम ह्या शब्दाचा अर्थ तोच होता ना, ठरलेली वेळ, जायची वेळ, यायची वेळ, त्याचाच पुढं मान्सून झाला. आमचा मौसम म्हणजे दिवाळीच्या आधीचं विमानाचं भाडं. चुकला तर आम्हीही इथंच.

इथं उत्खननात शालभंजिकेची एक छोटी ब्राँझची मूर्ती सापडली, १९५० च्या दशकात, म्हणजे झाडाची फांदी धरून उभी असते ती, आपल्याकडच्या तोरणांवरची. नंतर तमिळ-ब्राह्मी अक्षरं कोरलेला खापराचा तुकडाही सापडला. मूर्ती कुणी आणली, विकायला की देवघरात ठेवायला? मला वाटतं ठेवायला. विकायला आणली असती तर विकली गेली असती. हे शास्त्रीय नाही, माझं मत आहे.

शहरातच अल-बलीदचे अवशेष आणि म्युझियम आहे, ते जुनं जफार, खोर रोरीनंतरचं बंदर. इब्न बतूता चौदाव्या शतकात येऊन गेला, त्याने लिहिलंय की इथून घोडे हिंदुस्थानात जातात, की कालिकतहून तो स्वतः अठ्ठावीस दिवसांत इथं पोचला, की इथल्या जनावरांना सार्डिन मासे चारतात, आणि इथं नारळ आणि विड्याची पानं होतात. मासे चारणं अजून आहे, डोंगरात गाई पाळतात त्यांना चाऱ्याच्या तंगीत वाळवलेले सार्डिन घालतात. (हो, गाई. अरबस्तानात उंट बघायला जा आणि गाईमुळे ट्रॅफिक जाम व्हा. खरीफात उंटच खाली मैदानात आणतात, चिखलात त्यांचे पाय घसरतात म्हणून.) आणि नारळही आहेत, रस्त्याच्या कडेला झावळ्यांच्या टपऱ्या, शहाळी, केळी, पपया. टपरीवर बांगलादेशी पोरगा. शेजाऱ्यांनी शहाळं पिऊन शेवटी मान्य केलं की हे बरं आहे. ते मग चेरामन पेरुमाळच्या कबरीवर जाऊन आले, केरळातला एक राजा मक्केला जाऊन परतताना इथं वारला अशी त्यांच्याकडची आख्यायिका आहे, आणि ती कबर बघायला मल्याळी माणूस येतोच येतो.

मी म्हटलं आपलं कोण आहे इथं? आणि विचार करता करता आठवलं, आपलं कोणी इथं येण्यापेक्षा इथलेच आपल्याकडं आले होते. माझ्या वर्गात एक चाऊस होता. परभणी, नांदेड, औरंगाबाद भागात चाऊस आडनाव नवीन नाही, आम्ही त्यांना सरळ 'अरब' म्हणायचो आणि त्याचा अर्थ काय ह्याचा कधी विचार केला नाही. निजामाच्या फौजेत हद्रमौतहून आलेले शिपाई, त्यांची ही पोरं-नातवंडं. हद्रमौत म्हणजे सलालापासून पश्चिमेला, हद्द ओलांडली की येमेनचा तोच पट्टा. त्यांच्यातल्या काही जमादारांनी हैदराबादेत एवढा पैसा केला की परत जाऊन तिकडं राज्यं उभी केली, मुकल्ल्याचे कुऐती सुलतान त्यातलेच. १९४८ साली संस्थान विलीन झाल्यावर काहींना परत पाठवलं गेलं, बाकीचे राहिले आणि आमच्यासारखे पावसाकडं बघायला लागले. चाऊसच्या भावाच्या लग्नात मरफा वाजला होता, त्या ढोलाच्या तालावर त्याचे आजोबा हातात खंजीर घेऊन नाचले, ऐंशीच्या पुढचे असतील. सलालाला एका हद्रमी हॉटेलात मंदी, म्हणजे त्यांचा मटण-भात, खाताना टीव्हीवर कुठलं तरी लग्न चालू होतं आणि तोच ठेका आला, मी घास हातात धरून बसलो. बायको म्हणाली काय झालं. म्हटलं काही नाही, वर्गातला एक मुलगा आठवला.

शेवटच्या दिवशी मुगसैल. तिथं कड्याखाली खडकाला भोकं आहेत, खरीफात लाटा खालून धडकल्या की भोकांतून पाण्याचे फवारे उडतात, आधी खालून रेड्यासारखा आवाज येतो मग पाणी. समुद्र असा खवळलेला, करडा, की मासेमारीच्या बोटी सगळ्या वाळूवर ओढून ठेवलेल्या. आपल्या कोकणातही आषाढात तेच. तिथले कोळी नारळी पौर्णिमेची वाट बघतात, इथले खरीफ सरायची. आपल्या कोळ्यांचा नाखवा आणि ह्यांचा नाखुदा हे पण एकच.

मुगसैलच्या पुढं रस्ता वळणं घेत येमेनच्या हद्दीकडं जातो. तिथं उभं राहून मी पश्चिमेला बघत होतो आणि माझ्या डोक्यात एडन होतं. सरळ रेषेत हजारेक किलोमीटर. युद्धामुळे आता तिकडं जाणं होणार नाही, पण १८३९ ते १९३२ एडन मुंबई इलाख्यात होतं, म्हणजे पुणे, ठाणे, धारवाड आणि एडन, एकाच सरकारच्या कागदांवर. म्हणून तर वासुदेव बळवंत फडक्यांना तिथं पाठवता आलं. १८७९ ला पकडले, पुण्यात खटला, आणि एडनचा तुरुंग. १८८३ च्या फेब्रुवारीत ह्या माणसाने कोठडीचं दार बिजागऱ्यांसकट उखडलं आणि पळाला. शाळेत हे शिकवतात तेव्हा आपण पळाला एवढंच ऐकतो. पळून कुठं? शिरढोणचा माणूस, समोर काळा खडक, मागं वाळवंट, खाली समुद्र, पायवाट विचारावी तर भाषा नाही. लगेच पकडले, त्यांनी अन्न सोडलं आणि १७ फेब्रुवारीला गेले. त्या समुद्रापलीकडं सरळ मुंबई आहे, आणि फेब्रुवारीत वारा ईशान्येचा असतो, म्हणजे मुंबईकडून येणारा. शिडाचं गलबत हाती लागलं असतं तरी त्या महिन्यात वारा तोंडावर होता. हे मला तिथं मुगसैलला सुचलं आणि उगाच त्रास झाला.

एडनहून परत काय आलं, तर अग्नी. तिथल्या पारशांची अग्यारी होती, इंग्रज गेल्यावर पारशी पांगले, मग १९७६ साली तो अग्नी एअर इंडियाच्या विमानाने, पारशी कर्मचारी घेऊन, मुंबईत आणला आणि लोणावळ्याच्या अग्यारीत ठेवला. विमानात पेटता अग्नी! आता साधा पॉवरबँक असला तरी चौकशी होते.

परतताना रात्रीचा प्रवास टाळून आम्ही हैमाला मुक्काम केला आणि पहाटे निघालो. अंधार होता, दक्षिणेला खाली, जमिनीला टेकून, एक तारा एवढा ढळढळीत दिसत होता की मला आधी टॉवरचा दिवा वाटला. पंपावरचा म्हातारा ओमानी म्हणाला, "सुहैल." आणि हाताने हवा दाखवली, म्हणजे आता ही गार व्हायला लागणार. आखातात सगळे ह्या ताऱ्याची वाट बघतात, तो उगवला की उन्हाळा मोडला. सुहैल म्हणजे आपला अगस्त्य. आप्पा अगस्त्य दिसला की म्हणतात आता पाऊस परतीला लागला, नद्यांचं पाणी निवळणार.

मस्कतला आल्यावर महिनाभराने गावाकडचा एकजण सुट्टीला जात होता, त्याच्याबरोबर लोबान पाठवला. आप्पांचा फोन आला. म्हणाले, "आरं हा तर ऊद हाय. किनवटकडचे लोक सालईचा डिंक आणायचे, तसलाच. ह्याच्यासाठी हजार किलोमीटर गेलास व्हय?"

म्हटलं, पाऊस पण होता आप्पा. खरीप.

"किती पडला?"

मी सांगितलं, पडतो तो वर्षभराचा मिळून सव्वाशे मिलिमीटर.

ते हसायला लागले, आप्पा असं फार हसत नाहीत. "आपल्याकडं परवा एका रातीत तेवढा झाला. सोयाबीन समदं पाण्यात हाय." मग म्हणाले तलाठी यायचाय पंचनाम्याला, ठेवतो.